वक्र पॅनेले आणि सरळ क्षितिज : सागरी दुर्गांच्या माहितीपटातील एका दृश्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे कोकण किनाऱ्यावरचे चार दुर्ग होते. त्यानंतर काही आठवड्यांतच सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका संस्थेने आपल्या माहिती केंद्रासाठी या चार दुर्गांवर चार मिनिटांचा माहितीपट करण्याचे काम जवळच्याच एका स्टुडिओला दिले. स्टुडिओ तिघांचा आहे: कॅमेरा सांभाळणारे स्टुडिओचालक, संकलन व ध्वनी पाहणारा एक सहकारी आणि मोशन ग्राफिक्स करणारी एक तरुणी. लग्ने, दशावतारी नाटकांचे चित्रीकरण आणि निवास-न्याहारीच्या जाहिराती हे त्यांचे नेहमीचे काम. मी व्हिडिओ संकलन शिकवतो आणि या कामात सल्ल्यापुरता, पण नंतर बराच खोलवर, सहभागी झालो. नावे आणि गावे मुद्दाम दिलेली नाहीत.

हे प्रकरण संपूर्ण माहितीपटाचे नसून त्यातील सुरुवातीच्या ४० सेकंदांचे आहे. संस्थेला असे दृश्य हवे होते, की प्रेक्षक पुळणीवर पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे, त्याच्यासमोर अर्धगोलात चार मोठी व्हिडिओ पॅनेले उभी आहेत, प्रत्येकात एका दुर्गाचे चालते चित्र आहे, आणि कॅमेरा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत एकेका पॅनेलमध्ये शिरतो. पश्चिमेकडे तोंड केल्यावर उत्तर उजव्या हाताला येते, म्हणून डावीकडून सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि शेवटी खांदेरी असा क्रम ठरला. हा आग्रह संस्थेच्या प्रतिनिधींचा होता आणि तो मला मनापासून पटला. कारण अशा दृश्यात दिशा चुकली तर किनाऱ्यावरच्या माणसाला ती लगेच खटकते. पॅनेले सपाट फळ्यांसारखी नसावीत, त्यांचा पृष्ठभागच गोलाईत वळलेला असावा, ही मागणी लेखी होती.

चित्रण किल्ल्याकडची होडीसेवा पावसाळ्यानंतर सुरू झाल्यावर ऑक्टोबरमध्ये झाले. खांदेरीची क्लिप मात्र दुसऱ्या छायाचित्रकाराकडून विकत घेतलेली, जुनी आणि १९२० × १०८० या आकाराची होती. बाकी तिन्ही ठिकाणचे फुटेज ३८४० × २१६० चे होते. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला. काम नोव्हेंबरअखेर द्यायचे होते.

पहिला प्रयत्न

तरुणीने काम आफ्टर इफेक्ट्स या मोशन ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरू केले आणि प्रत्येक क्लिपवर बेझिए वॉर्प हा इफेक्ट लावला. यात चित्राच्या चार कोपऱ्यांना आणि प्रत्येक कडेवरच्या दोन-दोन हातांना, म्हणजे एकूण १२ बिंदूंना, ओढून चित्राच्या कडा हव्या तशा वाकवता येतात. वरची आणि खालची कड आत ओढली की चित्र गोलाईत वळल्यासारखे दिसते. तिने चारही पॅनेले अशी वाकवून एक स्थिरचित्र संस्थेकडे पाठवले आणि ते त्याच दिवशी मंजूर झाले.

अडचण कॅमेरा हलवल्याबरोबर समोर आली. बेझिए वॉर्प चित्र वाकवतो, पृष्ठभाग वाकवत नाही. लेयर, म्हणजे क्लिप ज्यावर असते तो थर, अवकाशात सपाटच राहतो आणि त्याच्यावर वाकलेले चित्र रंगवल्यासारखे असते. समोरून पाहताना हे कळत नाही, पण कॅमेरा बाजूला सरकून पॅनेल तिरकस दिसू लागले की गोलाई वळत नाही. फळीवर कापून चिकटवलेला वाकडा कागद फिरावा तसे ते दिसते. शिवाय गोलाईमुळे पॅनेलची जवळची बाजू मोठी आणि लांबची बाजू लहान दिसायला हवी, तेही होत नाही. बेझिए वॉर्प वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. कॅमेरा स्थिर असेल आणि दृश्य दोन-तीन सेकंदांचे असेल, तर त्याच्याइतका झटपट उपाय दुसरा नाही. येथे मात्र कॅमेऱ्याची वाटचाल हेच दृश्य होते, आणि हा प्रश्न कोणी आधी विचारलाच नव्हता. मंजुरी स्थिरचित्रावर घेतली गेली होती. या टप्प्यावर मला फोन आला.

विचारात घेतलेले पर्याय

मी पहिल्यांदा आकडे मांडायला सांगितले, कारण गोलाई म्हणजे नक्की किती हे ठरल्याशिवाय साधनांची तुलना करता येत नाही. पूर्ण मांडणी १२० अंशांच्या कमानीत बसवायची, प्रत्येक पॅनेलला २७ अंश आणि मधल्या तीन फटींना ४-४ अंश द्यायचे, असे ठरले. पॅनेलची रुंदी १९२० पिक्सेल धरली, तर कमानीची त्रिज्या साधारण ४०७४ पिक्सेल येते. एका पॅनेलचा फुगवटा, म्हणजे त्याच्या दोन कडा जोडणाऱ्या सरळ रेषेपासून मध्याचे अंतर, सुमारे ११३ पिक्सेल होतो आणि वाकल्यामुळे त्याची सरळ रुंदी अवघी १८ पिक्सेल कमी होते. एकेक पॅनेल फारच थोडे वाकलेले आहे आणि परिणाम चौघांच्या मिळून होणाऱ्या कमानीतून येतो, ही गोष्ट या आकड्यांनी स्पष्ट केली.

पहिला पर्याय सीसी सिलिंडर या इफेक्टचा. तो आफ्टर इफेक्ट्सबरोबरच मिळतो आणि लेयर पूर्ण ३६० अंशांत गुंडाळतो. फक्त १२० अंश हवे असतील, तर चित्र एका तिप्पट रुंद कॉम्पमध्ये, म्हणजे लेयर रचण्याच्या चौकटीत, ठेवावे लागते, म्हणजे उरलेला दोनतृतीयांश भाग रिकामा राहतो. आपली चार पॅनेले आणि तीन फटी मिळून ८५३३ पिक्सेल होत होत्या. त्यामुळे कॉम्पची रुंदी २५,६०० पिक्सेल झाली असती. आफ्टर इफेक्ट्सची मर्यादा ३०,००० पिक्सेलची असल्याने ते बसले असते, पण तरुणीच्या संगणकाला ते झेपण्यासारखे नव्हते, निम्म्या आकारात करावे लागले असते. तरीही एकाच पट्टीत चारही पॅनेले एकाच त्रिज्येवर अचूक बसतात, हा या मार्गाचा गुण मोठा आहे. खरी अडचण वेगळीच होती: सीसी सिलिंडर कॉम्पमधल्या कॅमेऱ्याला जुमानत नाही. त्याचे फिरणे आणि सरकणे त्याच्या स्वतःच्या आकड्यांतून होते, आणि ते कॅमेऱ्याशी जोडायचे तर एक्स्प्रेशन, म्हणजे छोटी सूत्रे, लिहावी लागतात. जमिनीवर ओल्या वाळूत पडणारे प्रतिबिंबही हवे होते आणि ते या मार्गाने वेगळे रचावे लागले असते.

दुसरा पर्याय आफ्टर इफेक्ट्समधल्याच सिनेमा फोरडी रेंडररचा; रेंडरर म्हणजे मांडलेल्या दृश्याच्या अंतिम फ्रेम तयार करणारा भाग. २०१२ च्या सीएस६ आवृत्तीत रे-ट्रेस्ड रेंडररबरोबर फुटेजच्या थ्रीडी लेयरला खरी वक्रता देण्याची सोय आली आणि पुढे हे काम सिनेमा फोरडी रेंडररकडे गेले. लेयरच्या जिऑमेट्री ऑप्शन्समध्ये कर्व्हेचर आणि सेगमेंट्स असे दोन आकडे मिळतात. पहिला किती वाकवायचे ते सांगतो आणि दुसरा ती गोलाई किती तुकड्यांनी बनवायची ते. सेगमेंट्स कमी ठेवले तर पॅनेल गोल न दिसता कोनाकोनाचे दिसते. येथे पृष्ठभाग खरोखर वाकतो, कॅमेरा चालतो आणि प्रतिबिंबही मिळते. मर्यादा अशी, की या रेंडररमध्ये ब्लेंडिंग मोड, ट्रॅक मॅट आणि लेयर स्टाइल या लेयर एकमेकांत मिसळण्याच्या व सजवण्याच्या सोयी चालत नाहीत, अक्षरांच्या लेयरला जाडी देता येते पण वक्रता देता येत नाही, आणि वक्रता त्रिज्येच्या भाषेत सांगता येत नाही, नजरेने जुळवावी लागते.

तिसरा पर्याय ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचा, कारण तो मोफत आहे आणि तरुणी घरी स्वतःच्या आवडीने तो शिकत होती. दादा, मला त्यात मॉडेल करता येते पण व्हिडिओ लावून कधी रेंडर केलेले नाही, असे तिने स्टुडिओचालकांना प्रामाणिकपणे सांगितले. मी त्यावर सिनेमा फोरडी रेंडररचा सल्ला दिला. अनोळखी साधनापेक्षा ओळखीच्या साधनातला अनोळखी कोपरा बरा, हा माझा हिशेब होता. तो सल्ला त्या दिवशी उपलब्ध माहितीवर चुकीचा नव्हता असे मला आजही वाटते, पण त्यात रेंडरला लागणारा वेळ मी गृहीत धरला नव्हता.

सिनेमा फोरडी रेंडररचा आठवडा

प्रत्येक दुर्गाची क्लिप, तिच्यावरचे नाव आणि कडेची चौकट असे सगळे आधी एका प्रीकॉम्पमध्ये, म्हणजे कॉम्पच्या आतल्या कॉम्पमध्ये, बांधून घेतले, म्हणजे अक्षरेही पॅनेलबरोबर वाकतील आणि ब्लेंडिंग मोडची कामे आतच उरकतील. येथे एक लहान अडथळा आला: ‘सिंधुदुर्ग’ आणि ‘विजयदुर्ग’ या शब्दांतल्या वेलांट्या चुकीच्या जागी पडत होत्या. टाइपच्या प्रेफरन्समध्ये टेक्स्ट इंजिन लॅटिनऐवजी साउथ आशियन अँड मिडल ईस्टर्न करताच त्या जागेवर आल्या.

पॅनेले कमानीवर मांडताना वक्रतेचा आकडा नजरेने जुळवण्यात दीड दिवस गेला. आकडा कमी पडला की चार पॅनेलांची रांग चार फळ्या कोनात उभ्या केल्यासारखी दिसते, जास्त झाला की प्रत्येक पॅनेल सुपासारखे स्वतंत्र फुगलेले दिसते; दोहोंच्या मधली जागा फार अरुंद असते. ती सापडली. कमी दर्जाचे चाचणी रेंडर संस्थेला पसंत पडले. दृश्य २५ फ्रेम प्रतिसेकंद या गतीने १००० फ्रेमचे होते आणि शेवटच्या दर्जाला एका फ्रेमला साधारण ५० सेकंद लागत होते, म्हणजे जवळजवळ १४ तास. संध्याकाळी रेंडर लावून सगळे घरी गेले.

अवकाळी पाऊस आला होता. रात्री गडगडाट झाला आणि वीज गेली. इन्व्हर्टरने जेवढा वेळ साथ दिली तेवढी दिली. सकाळी फाइल होती, पण उघडत नव्हती. रेंडर थेट एकाच मूव्ही फाइलमध्ये लावले होते, आणि अशा फाइलची अनुक्रमणी अगदी शेवटी लिहिली जाते. ती लिहिण्याआधीच संगणक बंद पडला की आत शेकडो फ्रेम असूनही त्या वाचता येत नाहीत. रेंडर पीएनजी चित्रांच्या मालिकेत लावले असते तर झालेल्या सगळ्या फ्रेम शाबूत राहिल्या असत्या आणि पुढच्या फ्रेमपासून काम सुरू करता आले असते. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो, आणि तरीही त्या दिवशी फोनवर मी ती विचारली नव्हती.

तांडेलांचा प्रश्न

त्याच सकाळी स्टुडिओच्या मंडळींना किल्ल्यापर्यंत नेणारे होडीचे तांडेल भाड्याचे उरलेले पैसे घ्यायला आले होते. पडद्यावर चाचणी रेंडर चालू होते. ते थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “गो बाय, दर्या वाकडो कित्याक दिसता?”

तरुणीने रेंडर थांबवले आणि आपण सगळ्यांनी इतके दिवस जे पाहूनही पाहिले नव्हते ते समोर आले. प्रत्येक पॅनेलमध्ये समुद्राची क्षितिजरेषा होती आणि ती प्रत्येकात वेगळ्या मापाने वाकली होती. विजयदुर्गाच्या ड्रोनच्या चित्रात क्षितिज वरच्या चौथ्या भागाजवळ होते, तिथे रेषा हसऱ्या ओठांसारखी खाली झुकली होती. खांदेरीत ती बरोबर मध्यावर होती, तिथे वाकणे वेगळे होते. आणि कॅमेरा क्रेनसारखा वर चढू लागला की चारही रेषा एकत्र आकार बदलत होत्या. आम्ही पॅनेलांच्या कडा पाहत होतो. ज्याने आयुष्यभर क्षितिजावर नजर ठेवून होडी हाकली, त्याने सर्वांत आधी क्षितिज पाहिले.

हा दोष एखाद्या इफेक्टचा नसून भूमितीचा होता, म्हणून साधन बदलून तो गेला नसता. त्याचे कारण घरच्या कळशीवरही दाखवता येते. भरलेल्या कळशीचा गोल काठ डोळ्यांच्या बरोबर पातळीला आणला की तो सरळ रेघ दिसतो. डोळे वर गेले की तोच काठ लंबगोल होतो, आणि जितके वर जावे तितका अधिक गोल. वक्र पॅनेलवरची प्रत्येक आडवी रेषा हा अशाच एका काठाचा तुकडा असतो. ती कॅमेऱ्याच्या उंचीवर असेल तरच सरळ दिसते, वर किंवा खाली असेल तर वाकते. आकड्यांत सांगायचे तर पडद्यावरची उंची म्हणजे रेषेची कॅमेऱ्यापासूनची उंची भागिले तिचे खोलीतले अंतर, आणि कमानीवर ते अंतर जागोजागी बदलते. ती कॅमेऱ्यापासूनची उंचीच शून्य असेल तर अंतर कितीही बदलो, उत्तर शून्यच येते.

यातून आणखी एक उपयुक्त गोष्ट निघते. कॅमेऱ्याच्या उंचीची आडवी पातळी कॅमेऱ्याच्या केंद्रातूनच जात असल्यामुळे ती कायम एका सरळ रेषेत दिसते, मग कॅमेरा मान वर करो, खाली करो किंवा कलंडो. म्हणून कॅमेऱ्याला वळायला पूर्ण मोकळीक आहे आणि आडवे सरकायलाही. फक्त तो वर किंवा खाली जाता कामा नये.

क्षितिज कुठे ठेवायचे

आता दोन निर्णय घ्यायचे होते. चारही क्लिपमधली क्षितिजे एकाच उंचीवर आणायची होती आणि ती उंची ठरवायची होती. पॅनेलच्या मध्यावर ती ठेवणे सर्वांना पहिल्यांदा सुचले. पण विजयदुर्गाच्या ड्रोनच्या चित्रात क्षितिज वरून २५ टक्क्यांवर होते. ते मध्यावर आणायचे तर मूळ ३८४० × २१६० चे चित्र जराही लहान न करता त्याचा फक्त वरचा अर्धा भाग घ्यावा लागत होता, आणि त्यात आकाश भरपूर व तटबंदी जवळजवळ नाहीशी झाली असती. तेव्हा क्षितिज पॅनेलच्या वरून एकतृतीयांशावर, म्हणजे १०८० पैकी ३६० पिक्सेलवर ठेवायचे आणि कॅमेरा पॅनेलच्या मध्यापेक्षा १८० पिक्सेल उंच धरायचा, असे ठरले. यात विजयदुर्गाचे चित्र ६७ टक्क्यांपर्यंत लहान करता आले आणि खाडीकडची तटबंदी पूर्ण राहिली. डोळ्यालाही ही मांडणी सुखाची वाटते, कारण खाली पाणी आणि दगड, वर थोडे आकाश, असे किनाऱ्यावरून दिसतेच.

खांदेरीच्या जुन्या क्लिपला ही सोय नव्हती. तिच्यात क्षितिज मध्यावर होते आणि सरकवायला जागा नव्हती, म्हणून ती १३३ टक्के मोठी करावी लागली. कमानीतल्या टोकाच्या पॅनेलवर हे करणे जोखमीचे होते, कारण टोकाची पॅनेले कॅमेऱ्याला जवळ येतात आणि मोठी दिसतात. कॅमेरा कमानीच्या केंद्रातच उभा केला तर ६० अंशांवरची कड मध्यापेक्षा दुप्पट उंच दिसते. आम्ही कॅमेरा केंद्राच्या आणखी एक त्रिज्या मागे नेला, त्यामुळे हे प्रमाण सव्वापटीहून थोडे अधिक उरले, आणि लेन्स तेवढी लांब पल्ल्याची घेतली. चारही पॅनेले एकत्र दिसताना प्रत्येकाच्या वाट्याला पडद्याच्या रुंदीचा जेमतेम पाव भागच येतो, त्यामुळे मोठे केलेले फुटेज खपून जात होते. कॅमेरा खांदेरीत शिरताना मात्र ते मऊ दिसले असते. म्हणून शिरण्याच्या क्षणी क्लिप हळूच विरवून तिथल्या दीपगृहाचे मोठ्या आकाराचे स्थिरचित्र आणले.

क्रेनची चाल हा सर्वांत नाजूक निर्णय होता, कारण संस्थेच्या प्रतिनिधींना ती फार आवडली होती. ती पूर्णपणे वगळण्याऐवजी अशा जागी नेली, की त्या क्षणी चारही पॅनेलांत क्षितिजच नसेल: सिंधुदुर्गाच्या महाद्वाराजवळचे वळण, विजयदुर्गाचे तट, दगडांवर फुटणारी लाट. क्षितिज नसलेल्या चित्रात आडवी रेषा वाकली तरी तट गोलाईत वळल्याचा भास होतो आणि तो दृश्याला शोभतो. हा तोडगा तरुणीचा होता. मला तो सुचला नव्हता.

प्रत्येक क्लिपवर आधी दोन दुरुस्त्या केल्या: एक-दोन अंशांनी कललेले क्षितिज फिरवून सपाट केले, आणि ड्रोनच्या रुंद लेन्सने आलेला फुगवटा ऑप्टिक्स कॉम्पेन्सेशन या इफेक्टने काढला. मूळ चित्रातच क्षितिज वाकडे असेल, तर पुढचा सगळा हिशेब वाया जातो.

ब्लेंडरकडे वळणे

क्षितिज जुळवायचे म्हणजे पुन्हा पुन्हा चाचणी रेंडर करून पाहणे आले, आणि १४ तासांच्या रेंडरबरोबर ते शक्य नव्हते. हातात १२ दिवस होते. तरुणीने एका दुपारी ब्लेंडरमध्ये व्हिडिओऐवजी काळ्यापांढऱ्या चौकटींचा कागद लावून तीच मांडणी करून दाखवली आणि ईव्ही या ब्लेंडरच्या झटपट रेंडररमध्ये एका फ्रेमला ६ सेकंद लागले, म्हणजे पूर्ण दृश्य १ तास ४० मिनिटांत. त्यानंतर चर्चेला फारसे काही उरले नाही.

मांडणी अशी झाली. चार सपाट प्लेन ओळीत, मधल्या फटींसह ठेवले. ते जोडून एकच वस्तू केली, तिचा ओरिजिन, म्हणजे मूळबिंदू, बरोबर मध्यावर आणला आणि स्केल अप्लाय केले, म्हणजे बदललेले माप कायम केले. मग तिला आडवे पुष्कळ तुकडे दिले आणि सिंपल डिफॉर्म मॉडिफायरच्या बेंडने १२० अंश वाकवले. तुकडे दिले नाहीत तर प्लेन वाकतच नाही, आणि स्केल अप्लाय केले नाही तर वाकते पण भलत्या मापाने. या दोन्ही गोष्टी तिने पहिल्या तासाभरात अनुभवल्या. पट्टी एकच असल्याने चारही पॅनेले आपोआप एकाच कमानीवर बसली आणि दीड दिवसाचे नजरेचे काम एका आकड्यात झाले.

पॅनेलांची चित्रे आफ्टर इफेक्ट्समधून पीएनजी मालिकांत काढून इमेज टेक्स्चर म्हणून, म्हणजे पृष्ठभागावर चढवायची चित्रे म्हणून, लावली. सुरुवातीला पडद्यावर चित्र गोठलेलेच राहिले, कारण ऑटो रिफ्रेश चालू केले नव्हते आणि फ्रेमची संख्या भरलेली नव्हती. चित्राला इमिशन शेडर दिला, म्हणजे ते दिव्यांवर अवलंबून न राहता स्वतःच्या उजेडाने दिसते. तरीही रंग फिके पडले: समुद्राचा हिरवट निळा राखाडी झाला आणि जांभा दगड विटका. कारण ब्लेंडर आपली एजीएक्स ही रंगरचना सगळ्या चित्रावर लावतो. ती थ्रीडी प्रकाशासाठी उत्तम आहे, पण आधीच तयार असलेल्या व्हिडिओला नको असते. व्ह्यू ट्रान्सफॉर्म स्टँडर्ड केल्यावर जांभ्याचा लाल रंग परत आला. हे शोधण्यात अर्धा दिवस गेला आणि माझ्या मते वक्र व्हिडिओ पॅनेले ब्लेंडरमध्ये करणाऱ्या प्रत्येकाने पहिल्यांदा पाहायची सेटिंग हीच आहे.

या वेळी रेंडर पीएनजी मालिकेतच झाले. मध्ये दोनदा वीज गेली आणि दोन्ही वेळा राहिलेल्या फ्रेमपासून काम पुढे गेले. पॅनेलमध्ये शिरताना वक्र चित्राचे सपाट चित्र कसे करायचे याची बरीच धास्ती होती, पण फुगवटा इतका थोडा होता की ८ फ्रेमच्या विरवणीत तो कोणालाही जाणवला नाही. ध्वनी, नावे आणि अखेरचे रंगकाम आफ्टर इफेक्ट्स व संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण झाले.

निष्पत्ती

दृश्य मुदतीच्या तीन दिवस आधी संस्थेकडे गेले आणि एका किरकोळ बदलासह मंजूर झाले. क्षितिज आता डाव्या पॅनेलपासून उजव्या पॅनेलपर्यंत एकाच सरळ ओळीत चालते; मधल्या फटींतूनही ती ओळ तुटल्यासारखी वाटत नाही, आणि त्यामुळे चार वेगळ्या ठिकाणची चित्रे चार खिडक्यांतून दिसणाऱ्या एकाच समुद्रासारखी दिसतात. मागणीपत्रात असे काही लिहिलेले नव्हते, आणि तरी दृश्याला जो ठाव आला तो यामुळेच. खांदेरीच्या पॅनेलमध्ये थोडा मऊपणा उरला आहे; तो मला दिसतो.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या बैठकीतच कॅमेरा हलणार आहे का, हे विचारायला हवे होते. हलणार असेल तर बेझिए वॉर्प त्याच वेळी बाजूला पडतो आणि स्थिरचित्रावर मंजुरी घेण्याचा प्रश्न उरत नाही. मंजुरी पाच सेकंदांच्या ओबडधोबड चालत्या चाचणीवर घ्यावी. चाचणीही सुंदर फुटेजवर न करता चौकटींच्या कागदावर करावी. फुटेज सुंदर असले की नजर किल्ल्याकडे जाते, रेषेकडे जात नाही, आणि आमचे नेमके तेच झाले.

क्षितिजाचा विचार चित्रणाआधी झाला असता तर अर्धे काम वाचले असते. वक्र पॅनेलांसाठी चित्रण करायचे असेल तर प्रत्येक ठिकाणी क्षितिज फ्रेमच्या ठरलेल्या उंचीवर धरणे कॅमेरामनला दोन मिनिटांचे काम आहे. नंतर ते प्रत्येक क्लिपमागे दोन तासांचे होते. मी ब्लेंडरचा पर्याय तरुणीच्या अननुभवामुळे बाजूला ठेवला, तेव्हा तिला एक दुपार देऊन चाचणी करायला सांगायला हवे होते. पुढे शेवटी तेवढीच दुपार पुरली.

पूर्ण झालेले दृश्य पाहायला स्टुडिओने तांडेलांना आवर्जून बोलावले. क्षितिज पाहून त्यांनी मान डोलावली आणि मग दोन पॅनेलांकडे बोट दाखवून विचारले, “सिंधुदुर्गाक भरती आणि विजयदुर्गाक सुकती? एकाच वक्ताक?” सुकती म्हणजे ओहोटी. दोन्ही चित्रणे वेगवेगळ्या दिवशी झाली होती. एका पॅनेलमध्ये तटाच्या पायाशी पाणी होते, शेजारच्यात शेवाळलेले खडक उघडे पडले होते. एकाच समुद्राचा आभास आम्ही इतका नीट बांधला होता, की हा फरक आता अधिक स्पष्ट दिसत होता. पुन्हा चित्रण करायला वेळ नव्हता आणि दृश्य तसेच गेले.

त्या दिवशी त्यांनी तरुणीला भरतीचा हिशेबही सांगितला: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल ती वेळ पूर्ण भरतीची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण सुकती. तिच्या नव्या चित्रणपत्रकात आता क्षितिजाच्या उंचीच्या रकान्याशेजारी तिथीचा रकाना आहे.